पेल्यांत मावणारें पिलूं

आपल्या मराठवाड्यांत जनावराचें नांव सहसा डोळ्यांनीं पडताळून पाहतां येतें. देवणी जातीचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार आहेत. अंग पांढरें व तोंडावर काळेपणा असेल तर वानेरा, पोटाच्या बाजूस काळे ठिपके असतील तर बालंक्या, आणि सर्वांगावर काळे ठिपके विखुरलेले असतील तर शेवरा. लाल कंधारी म्हटलें कीं रंग तांबडा असावयाचाच. बैल बाजारांत उभा केला कीं घेणारा शेतकरी प्रथम त्याचा जबडा उघडतो, आणि तो आदत आहे, दोनदाती आहे कीं चारदाती आहे, हें पाहिल्यावांचून भावाची गोष्ट काढीत नाहीं. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरीं मुलांच्या हट्टापायीं कुत्र्याचें पिलूं यावयाचें झालें, म्हणजे मात्र दांत न पाहतां, आईबाप न पाहतां, मोबाइलवर आलेल्या एका छायाचित्रावर आणि एका इंग्रजी शब्दावर हजारों रुपये पाठविले जातात. तो शब्द बहुधा 'टीकप' हा असतो.

टीकप म्हणजे चहाच्या पेल्यांत बसेल एवढा कुत्रा. त्याच्याच जोडीला 'पॉकेट' म्हणजे खिशांत मावणारा, 'मायक्रो' म्हणजे सूक्ष्म, आणि शिवलेल्या सदऱ्याच्या गळ्यावर चिठ्ठी असते तसा 'एक्स्ट्रा स्मॉल', असे आणखी शब्द प्रचारांत आले आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं ते सर्रास ऐकूं येतात. या शब्दांचा खरा अर्थ काय, आणि पिलूं घेणाराच्या पदरांत त्यांतून काय पडतें, एवढेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्था जगांत पुष्कळ आहेत. आपल्या देशांतील केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नई येथें आहे. इंग्लंडांत व अमेरिकेंत त्या त्या देशाचे केनेल क्लब आहेत. आणि निरनिराळ्या राष्ट्रांतील संस्थांचा एक आंतरराष्ट्रीय संघ बेल्जममध्यें आहे. या सर्वांच्या याद्या कोणीं कितीही चाळल्या तरी त्यांत टीकप नांवाची जात सांपडावयाची नाहीं, पोटजात सांपडावयाची नाहीं, आणि मापहि सांपडावयाचें नाहीं. हा शब्द विकणाराचा आहे. त्याला तो वाटेल त्या पिलास लावतां येतो व लावला म्हणून कोठें जाब द्यावा लागत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, 'टॉय' आणि 'मिनिएचर' हे शब्द तर अधिकृत आहेत ना? होय, आहेत, आणि म्हणूनच घोटाळा होतो. खऱ्या नाण्यांत खोटें नाणें मिसळलें म्हणजे तें लवकर ओळखूं येत नाहीं. टॉय हें मुळांत एका गटाचें नांव आहे. पॉमेरियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरियर, पग इत्यादि लहान जाती त्या गटांत मोडतात. म्हणजे प्रत्येक खरा पॉमेरियन हा टॉय गटांतलाच असतो, आणि 'टॉय पॉमेरियन' म्हणून त्याला दुप्पट मोल सांगणें हें 'गोड साखर' म्हणून साखरेचा भाव वाढविण्यासारखें आहे.

मापाचें खरें नांव कसें असतें तें पाहावयाचें असल्यास पूडल नांवाच्या कुत्र्याकडे पाहावें. आंतरराष्ट्रीय संघानें त्याचे उंचीवरून चार वर्ग केले आहेत. खांद्यापाशीं उंची २८ सेंटिमीटरपर्यंत असेल तर टॉय, २८ ते ३५ असेल तर मिनिएचर, ३५ ते ४५ असेल तर मध्यम, आणि त्यावर मोठा. डाक्सहुंड हा दुसरा लांबट, आखूड पायांचा जर्मन कुत्रा. त्याला बिळांत शिरून शिकार करावयाची असे, म्हणून त्याची उंची न पाहतां छातीचा घेर फितीनें मोजतात, आणि तोहि कुत्रा १५ महिन्यांचा झाल्यावर. त्या घेरावरून तो मोठा, मिनिएचर कीं सशाच्या बिळांत जाणारा, हें ठरतें. आपल्याकडील कारवानी कुत्र्याची गोष्ट याहून निराळी नाहीं. लातूर जिल्ह्यांत चाकूर तालुक्यांतील जानवळ गांवीं हे कुत्रे पाळण्याची जुनी चाल आहे. उंच पाय, खोल छाती व सडपातळ अंग हें त्याचें रूप सशामागें धांवण्याच्या कामानें घडविलें आहे.

या उदाहरणांत वाचकांनीं एक गोष्ट टिपून ठेवावी. खरें माप जनावर पुरतें वाढल्यावर घेतात. टीकप हें नांव मात्र पिलूं दोन महिन्यांचेंहि झालें नसतां दिलें जातें. वसमतच्या मोंढ्यांत हळद घेऊन जाणाऱ्या पालकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ओली हळद शिजवून वाळवली कीं तिचें वजन चौथ्या-पांचव्या हिश्शावर येतें, आणि ओल्या ढिगाकडे पाहून वाळलेल्या हळदीचा उतारा छातीठोकपणें सांगणाऱ्यावर कोणी व्यापारी विश्वास ठेवीत नाहीं. पिलाच्या बाबतींत प्रकार उलट आहे, तें कमी न होतां वाढणारें आहे. पण भविष्य वर्तविण्याची खोड तीच.

आपल्या जिल्ह्यांत बहुतेक सौदे 'पॉमेरियन' या नांवानें होतात, म्हणून त्याचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. हा कुत्रा उत्तर युरोपांतील मोठ्या, दाट केसांच्या स्पिट्झ कुळांतला. इंग्लंडांत तो एके काळीं बराच धिप्पाड असे. इ. स. १८८८ मध्यें व्हिक्टोरिया राणी इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं गेली असतां तिनें मार्को नांवाचा एक लहान पॉमेरियन घेतला, आणि राणीची आवड ती प्रजेची आवड या न्यायानें लहान पॉमेरियनची टूम निघाली. पण मार्कोचें वजन तरी किती? सुमारें १२ पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपांच किलो. आज अमेरिकन केनेल क्लब याच जातीचें वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे सुमारें १.४ ते ३.२ किलो, इतकें धरतो. इंग्लंडच्या केनेल क्लबाचें प्रमाण नराला १.८ ते २ किलो आणि मादीला २ ते २.५ किलो असें आहे. मादी नराहून भारी असावी असें तेथें मुद्दाम लिहिलेलें आहे, याचा अर्थ विद्यार्थिनींच्या तरी सहज ध्यानांत यावा. तिला पिलें पोटांत वागवावयाचीं असतात. एक किलोची पॉमेरियन मादी म्हणून जी मिरविली जाते, ती या दोन्ही प्रमाणांत बसत नाहीं.

शिवाय आपल्याकडे ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्यास सगळे पॉमेरियन म्हणतात, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. इंग्रजांच्या काळांत आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून आपल्या उष्ण हवेंत टिकणारी ही जात तयार झाली. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांतील टफी हा याच वाणाचा. हा कुत्रा चपळ, काटक व लळा लावणारा असतो. पण तो पेल्यांत मावत नाहीं. त्याचें पिलूं पांच आठवड्यांचें असतांना मात्र मावतें, आणि छायाचित्र नेमकें त्याच वेळीं काढलेलें असतें. (नरसीच्या नामदेवांची, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवण्याची कथा आपल्या जिल्ह्यांत घरोघर सांगतात. त्या कुत्र्याची जात व वजन आजवर कोणीं विचारलेलें आम्ही ऐकिलें नाहीं.)

तर मग अतिलहान पिलें येतात कोठून? यांतील पहिला मार्ग निव्वळ वयाच्या खोटेपणाचा. पांच आठवड्यांच्या पिलास नऊ आठवड्यांचें म्हटलें कीं तें आपोआप आश्चर्यकारक लहान ठरतें. याला उतारा बैलाच्या बाजारांतलाच आहे: तोंड उघडून पाहावें. पिलाला जन्मतः दांत नसतात. डोळे दहा ते चौदा दिवसांनीं उघडतात, तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दांत दिसूं लागतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास बहुधा अठ्ठावीसहि दुधाचे दांत आलेले असतात. अगदीं लहान जातींत यास थोडा उशीर होतो. तरी दाढांच्या जागीं नुसत्या हिरड्या असून विकणारा दोन महिन्यांची गोष्ट सांगत असेल, तर पशुवैद्यास दाखविल्यावांचून पुढें जाऊं नये.

दुसरा मार्ग म्हणजे वेतांतील सर्वांत रोडकें पिलूं उचलून त्यालाच दुर्मिळ म्हणून विकणें. ज्या पिलास आईच्या पान्ह्याशीं जागा मिळाली नाहीं, ज्याच्या पोटांत जंत झाले, किंवा ज्याच्या हृदयांत अगर यकृतांत जन्मतः दोष आहे, तें लहानच राहतें. यॉर्कशायर टेरियर जातींत एक दोष वारंवार आढळतो. आंतड्यांकडून येणारें रक्त यकृतांत शुद्ध न होतां एका आडवाटेच्या शिरेनें परस्पर पुढें निघून जातें. असें पिलूं खुरटतें, जेवणानंतर गुंगल्यासारखें करतें, आणि दुकानांत मात्र 'किती शांत व किती इवलेंसें' म्हणून त्याची स्तुति होते. येथें लहानपणा हें आजाराचें लक्षण असतें, आणि त्याच लक्षणास अधिक दाम पडतो. तिसरा मार्ग सर्वांत वाईट: वाढ खुंटावी म्हणून पिलास मुद्दाम उपाशी ठेवणें. आणि चौथा, अशा खुरटलेल्या नराची खुरटलेल्या मादीशीं पुन्हा पुन्हा जोडी लावणें.

आम्ही लहान कुत्र्यांच्या विरुद्ध आहोंत असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. लहानपण स्वतः रोग नव्हे. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकांत शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, लहान जातींच्या लहानपणाशीं वाढीच्या एका द्रव्याच्या जनुकांतील विशिष्ट फरकाचा मोठा संबंध आहे. आणि २०२२ साली असेंहि प्रसिद्ध झालें कीं, लहान अंगाशीं निगडित असा फरक सुमारें ५४,००० वर्षांपूर्वींच्या लांडग्यांतहि होता. दोन-तीन किलोचा निरोगी कुत्रा मोठ्या कुत्र्याहून सामान्यतः अधिक वर्षें जगतो. प्रश्न त्या मर्यादेच्याहि खालीं ओढून नेण्याचा आहे, आणि तेथें गणित आड येतें.

विद्यार्थ्यांनीं वही घ्यावी. २ सेंटिमीटर बाजूच्या घनाचें पृष्ठफळ २४ व घनफळ ८. म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटराच्या वांट्यास ३ चौरस सेंटिमीटर पृष्ठ आलें. आतां बाजू १ सेंटिमीटर करा. पृष्ठफळ ६, घनफळ १. वांट्यास ६ आले. शरीर अर्ध्या मापाचें झालें तर वजनाच्या मानानें त्याची कातडी दुप्पट उघडी पडते, आणि ऊब त्या कातडीवाटेच निघून जाते. ती भरून काढावयास अन्न हवें. पशुवैद्यकांत विसांव्याच्या स्थितींत लागणारी दिवसाची ऊर्जा काढण्याचें एक सूत्र आहे: वजन किलोंत घेऊन त्याचा पाऊण घात काढावयाचा व त्यास ७० नें गुणावयाचें. १६ किलोच्या कुत्र्याकरितां १६ चें चतुर्थमूळ २, त्याचा घन ८, आणि ८ गुणिले ७० म्हणजे ५६० किलोकॅलरी, किलोमागें ३५. एक किलोच्या कुत्र्यास किलोमागें ७०. अर्ध्या किलोच्यास किलोमागें ८३. ही विसांव्याची गरज झाली. वाढत्या पिलाची याहून पुष्कळ अधिक.

इतकी भूक, आणि सांठवण किती? यकृतांत सांठविलेली साखर हीच पिलाची शिदोरी. सुपारीएवढ्या यकृतांत ती कितीशी मावणार! म्हणून अतिलहान पिलास कांहीं तासांचा उपास घडला, थंडी बाधली, किंवा प्रवासाची धास्ती बसली, तर रक्तांतील साखर एकदम उतरते. तें प्रथम सुस्त होतें, मग पाय लटपटतात, मान डुगडुगते, आंकडी येते, आणि वेळीं साखर न मिळाल्यास प्राण जातो.

वसमत तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच घडलें. मोठ्या शहरांतील एका विक्रेत्याकडून त्यांनीं 'पॉकेट पॉमेरियन' मागविला. भोंकें पाडलेल्या खोक्यांतून, रात्रीच्या बसनें, पिलूं एकटें आलें. कागदावर वय साठ दिवस लिहिलें होतें. पशुवैद्यांनीं तोंड पाहून चाळिसाच्या आंतलें सांगितलें. मुलीनें त्याला रात्रभर उशाशीं घेतलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे तें थंडगार व ताठ झालें होतें. विक्रेत्यानें फोनवर सांगितलें कीं, तुम्हांस तें सांभाळतां आलें नाहीं. आणि ती आठवींतली मुलगी पुढें कित्येक दिवस हेंच वाक्य खरें मानून बसली होती. तिच्या आईनें आम्हांस हें सांगितलें, तेव्हां प्रस्तुत लेख लिहावा असें आमच्या मनानें घेतलें. हिंगोलींतील दुसऱ्या एका घरच्या टीकपाची हकीकत मात्र आनंदाची आहे. तो आज सात किलोचा असून अंगणांत माकडांवर धांवून जातो. त्या गृहस्थांची फसवणूक झाली खरी, पण नशिबानें फसवणूक झाली असेंच म्हटलें पाहिजे.

जगलेल्या अतिलहान कुत्र्यासहि पुढें पुष्कळ सोसावें लागतें. तान्ह्या बाळाची टाळू भरते तशी कित्येकांची भरतच नाहीं. तेथें लागलेला लहानसा मार मेंदूस पोंचतो. कांहींच्या डोक्यांत पाणी सांचतें. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते, म्हणून कुत्रा मधूनच एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारीत चालतो, आणि घरचीं मंडळी त्यास लाडिक चाल समजतात. श्वासनलिकेच्या कड्या मऊ असल्यानें ती दबते व हंसासारखा खोकला येतो. पुढच्या पायाचें हाड पेन्सिलीएवढें. खाटेवरून उडी मारल्यानें तें मोडतें, आणि तेथें रक्तपुरवठा थोडा असल्यानें सांधावयास कठीण. मोठ्या कुत्र्याइतकेच बेचाळीस दांत त्या चिमुकल्या जबड्यांत बसवावयाचे असतात, तेव्हां दुधाचे दांत न पडतां नव्यांची गर्दी होते. पिलांचीं डोकीं मोठीं व वाट अरुंद म्हणून मादीचें पोट चिरून पिलें काढावीं लागतात, आणि इतक्या लहान देहास गुंगीचें औषध देणें हें स्वतःच जोखमीचें काम आहे.

कायदा याबाबतींत अगदीं मुका नाहीं. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं केंद्र सरकारनें २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीं नियम केले. त्यांप्रमाणें पैदास करणारानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकतां येत नाहीं. अठरा महिन्यांच्या आंतील मादीपासून पैदास करतां येत नाहीं. आणि कुत्र्यांस ओळखीची सूक्ष्म चकती टोंचून नोंदवही ठेवावी लागते. तेव्हां नोंदणीचा क्रमांक मागणें हा उद्धटपणा नसून गिऱ्हाइकाचा हक्क आहे. 'परदेशांतून आणविलेला टीकप' ही थाप ऐकूं आली तर हेंहि ध्यानांत असावें कीं, व्यापारी पैदाशीसाठीं कुत्रे आयात करण्यास सरकारनें २०१६ सालींच बंदी घातली. केनेल क्लबाचा दाखला दाखविला तर तो अवश्य वाचावा. त्यांत जात व आईबाप यांची नोंद असते. 'वाढणार नाहीं' अशी हमी कोणताहि क्लब लिहून देत नाहीं.

ज्यांस लहान कुत्राच हवा आहे त्यांनीं खुशाल घ्यावा, परंतु बैल घेतांना जी अक्कल चालवितों तीच येथें चालवावी. खाण तशी माती. म्हणून आई प्रत्यक्ष पाहावी, ती पिलांत वावरतांना पाहावी, आणि तिचें वजन विचारावें, बापाचेंहि विचारावें. वेतांतील सर्वांत लहान पिलूं सोडून मधल्या चणीचें, धांवून जवळ येणारें, नाक ओलें व डोळे स्वच्छ असलेलें पिलूं निवडावें. पैसे देण्यापूर्वीं, दोन दिवसांत पशुवैद्यानें दोष काढल्यास पिलूं परत घेईन, असें विक्रेत्याकडून लिहून घ्यावें. जो लिहून देत नाहीं त्याचें उत्तर मिळालेंच. परभणी येथें १९७२ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड दुखण्यास तेथवर जाणें आपल्या जिल्ह्यांतील लोकांस फारसें दूर नाहीं.

ज्यांच्या घरीं असें इवलेंसें पिलूं आधींच आलेलें असेल त्यांनीं दिवसांतून चार-पांच वेळां थोडें थोडें खाऊं घालावें आणि निजण्यापूर्वींचा घांस चुकवूं नये. गळपट्ट्याऐवजीं छातीपट्टा वापरावा. लहान भावंडांनीं त्यास खालीं बसूनच घ्यावें, उभ्यानें घेऊं नये. सुस्ती किंवा लटपट दिसतांच साखरेचें दाट पाणी बोटानें हिरड्यांस चोळावें, अंग उबदार कापडांत गुंडाळावें आणि डॉक्टरांकडे धांव घ्यावी. बेशुद्ध पिलाच्या घशांत दूध वा पाणी ओतूं नये, तें फुप्फुसांत जातें. दर रविवारीं तराजूंत बसवून त्याचें वजन आलेखवहींत मांडीत जावें. ती रेषा सपाट झाली किंवा खालीं वळली, तर डॉक्टरांस दाखवावयास तीच वही बरोबर न्यावी.